बंदराला वळसा: उरण, करंजा, घारापुरी

न्हावा-शेवा बंदर बघायला जायचं म्हटलं की पहिला प्रश्न एकच असतो, आत सोडतात का? नाही सोडत. गेटवर सीआयएसएफचे जवान असतात, पास लागतो, आणि फिरायला आलोय हे कारण तिथं चालत नाही. पण बंदर बघायला आत जावंच लागतं असं नाही. ते उरण तालुकाभर पसरलंय. रस्त्यावर दिसतं, लोकलच्या खिडकीतून दिसतं, खाडीतून दिसतं, आणि समोरच्या बेटावरून तर सगळंच्या सगळं दिसतं. नेरुळला राहून आम्हाला बंदर ठाऊक होतं ते ट्रेलरच्या पाठीवरून जाणाऱ्या कंटेनरच्या डब्यांपुरतं. यंदा पौष पौर्णिमेच्या आसपास लेकाला सोबत घेऊन त्याच्या भोवतीने फिरून आले. मुक्काम मावशीकडे. मावशी उरणला दिलेली, आणि काका बंदरातून निवृत्त झालेले, त्यामुळे राहण्याजेवणाचा आणि माहितीचा प्रश्न एकदमच सुटला.

शुक्रवार: उरण लोकल, करळ फाटा, मोरा

उरणची लोकल १२ जानेवारी २०२४ला सुरू झाली, त्याच दिवशी अटल सेतूही. त्याआधी मावशीकडे जायचं म्हणजे एसटी किंवा एनएमएमटीची बस, आणि ट्रेलरच्या रांगेत सापडलात तर जेवणाची वेळ टळलीच. आता नेरुळहून बसलं की पाऊण तासाच्या आत उरण. गाड्या मात्र हार्बर लाइनसारख्या पाठोपाठ नाहीत, वेळ बघूनच घरातून निघा.

खारकोपरपर्यंत उलव्याच्या इमारती सोबत करतात. पुढे डोंगराची कड, खाजण, खारफुटी, आणि मग डब्यांचे ढीग सुरू होतात. लाल, निळे, हिरवे, गंजलेले, पाच-सहा एकावर एक. हे सगळे बंदराच्या बाहेरचे. कस्टमची तपासणी, माल भरणं-उतरवणं बऱ्याचदा या बाहेरच्या सीएफएस, म्हणजे डबे साठवायच्या यार्डांतच होतं. न्हावा शेवा नावाचं स्टेशनही लागतं, पण तिथं उतरून बंदर हातात येत नाही. द्रोणागिरीनंतर शेवटचं उरण.

काका स्टेशनवर आले होते. घरी जाण्याआधी त्यांनी रिक्षा जासईकडे वळवली. १६ आणि १७ जानेवारी १९८४ला जमिनीच्या मोबदल्यासाठी इथले शेतकरी रस्त्यावर उतरले होते, नेते दि. बा. पाटील. पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले. जासईला त्यांचं स्मारक आहे. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन मूळ मालकाला परत, हे सूत्र त्या लढ्यानं मिळवून दिलं. नवी मुंबईत ज्यांच्या इमारती ‘साडेबारा टक्के’च्या प्लॉटवर उभ्या आहेत त्यांनी, म्हणजे आमच्यासारख्या निम्म्या लोकांनी, एकदा इथं यायला हवं. जवळ आलेल्या स्मृतिदिनाची असावी तशी साफसफाई चालली होती. काकांनी चप्पल काढली, आम्हीही काढली, आणि कुणी काही बोललं नाही.

तिथून करळ फाटा. आता उड्डाणपुलांचं जाळं झाल्यामुळे पूर्वीइतका चक्का जाम नसतो, पण ट्रेलर बघायचे तर हीच जागा. चहाच्या टपरीवर बसून लेकानं खेळ शोधला. प्रत्येक डब्यावर चार अक्षरं आणि सात आकडे असतात. पहिली तीन अक्षरं मालकाची, चौथं अक्षर मालाच्या डब्याला कायम ‘यू’. सहा आकडे डब्याचे आणि शेवटचा, चौकटीतला, आधीचे बरोबर लिहिलेत का ते पडताळायला. ‘एम-एस-सी-यू’ दिसलं की एक गुण, ‘सी-एम-ए-यू’ दिसलं की एक. डब्याच्या दारावर रिकामं वजनही लिहिलेलं असतं. वीस फुटी डबा रिकामाच दोन टनांच्या वर, चाळीस फुटी साधारण पावणेचार. भरल्यावर तीस टनांपर्यंत.

शेजारच्या बाकड्यावरचा ड्रायव्हर प्रतापगडचा, म्हणजे उत्तर प्रदेशातला. त्याच्या डब्याच्या एका टोकाला मोठं यंत्र घरघरत होतं. रीफर, थंड डबा. नाशिकची द्राक्षं याच बंदरातून युरोपला जातात आणि त्यांचा हंगाम आता तोंडावर आलाय. “या डब्याचं मशीन बंद पडलं तर मालक माझ्या आधी इथं पोचेल,” असं तो हिंदीत म्हणाला आणि हसला. रात्री ट्रेलरच्या खालीच स्टो पेटवून खिचडी करतो, लिट्टीचं पीठही सोबत असतं. काकांनी त्याला २०१७च्या जूनची आठवण करून दिली. जगभर पसरलेल्या व्हायरसनं मर्स्क या जहाज कंपनीचे कॉम्प्युटर बसले आणि तिच्याच गटाकडे असलेल्या इथल्या जीटीआय टर्मिनलचं काम अडलं. कुठला डबा कुठे आहे हे सांगणारंच बंद पडलं होतं. ड्रायव्हर तेव्हा या लाइनवर नव्हता, पण गोष्ट त्याला पाठ होती.

पाचच्या सुमारास मोऱ्याला गेलो. इथून मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावर लाँच जाते. जेटीच्या टोकाशी उभं राहिलं की उजवीकडे बंदराच्या क्रेन ओळीने दिसतात, आणि समोर घारापुरी. पण लाँच? जेटीच्या खाली नुसता चिखल. त्यात निवट्या उड्या मारत होत्या. कोरडी मासळी घेऊन बसलेल्या मावशींनी मला आधीच ओळखलं होतं, ही नवीन आहे.

“लाँच नाय गो आता. सुकती लागलीय. सात वाजल्याबिगर नाय सुटाची.”

पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाणाची भरती-ओहोटी असते, पाणी खूप चढतं आणि तेवढंच उतरतं, मुंबईच्या खाडीत चार-पाच मीटरपर्यंत. मोऱ्यातला गाळ काढतात, तो पुन्हा भरतो, आणि संध्याकाळच्या ओहोटीला कामावरून परतणारे लोक पलीकडे अडकून पडतात. इथून दिसणाऱ्या क्रेनखाली मात्र चारशे मीटरच्या घरातली जहाजं लागावीत म्हणून खाडीचा तळ सतत उपसला जातो. दोन्हीकडे पाणी एकच, गाळही एकच. काका नोकरीभर बंदराच्या बाजूनं भांडत आले, पण या बाबतीत ते मोऱ्याच्या बाजूचे आहेत.

जाणाऱ्यांसाठी हिशेब सांगते, आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांचा आहे. तिथीला पाऊणपट करा, भरतीची वेळ साधारण तेवढी. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण मोऱ्याला जाताना कॅलेंडर बघून निघायला हे पुरतं.

शनिवार: करंजा, रेवस, आणि रात्री पोपटी

करंजा म्हणजे उरणचं दक्षिण टोक. द्रोणागिरीचा डोंगर ओलांडला की पायथ्याला गाव, देवीचं देऊळ आणि मासेमारीचं बंदर. सकाळी आठला धक्क्यावर बोटी लागत होत्या. बर्फ फोडण्याचा आवाज, डिझेलचा वास, टोपल्या, आणि सगळ्यात वरच्या पट्टीत कोळणींचा भाव. मासळी मुंबईला ससून डॉकला नेऊन विकण्याची पद्धत जुनी, आता इथेही धक्का झालाय. बोंबील, मांदेली, करली, थोडी सुरमई. पापलेट कमी. मी बोंबील घेतले. भाव सांगत नाही, कारण मावशीनं नंतर तो ऐकून मान हलवली.

करंजाहून रेवसला लाँच पंधराएक मिनिटांत पोचवते. रेवस म्हणजे अलिबाग तालुका. मधली धरमतरची खाडी. या खाडीत दोन नद्या येतात, पाताळगंगा आणि आंबा. दोन्ही सह्याद्रीतल्या, पावसाळ्यात मस्तवाल आणि आता हिवाळ्यात शांत. त्यांच्याच मुखातून, आमच्या लाँचला रस्ता द्यायला लावत, तपकिरी रंगाची बार्ज वर निघाली होती. खाडीत आत, डोलवीच्या पोलाद कारखान्याजवळ धरमतर बंदर आहे. मोठं जहाज तिथवर जाऊ शकत नाही, म्हणून कोळसा आणि लोहखनिज बार्जमध्ये घालून खाडीतून वर नेतात. बार्ज पाण्यात इतकी खोल बसली होती की काठ आणि पाणी यांत फारसं अंतर उरलं नव्हतं. लाँचचा तांडेल वेग कमी करून थांबला. “तिला थांबता येत नाय, आपल्याला येतं,” एवढंच म्हणाला. लेकाला न्हावा-शेव्याच्या क्रेनपेक्षा ही बार्ज जास्त आवडली. मलाही, खरं सांगायचं तर. कंटेनर बंदरात माल दिसतच नाही, सगळं पत्र्याच्या डब्यात बंद. इथे खनिजाचा ढीग उघडा, त्यावर उन्हात उडणारी तांबूस धूळ, आणि त्याच ढिगावर बसलेले बगळे.

रेवसला उतरून फार काही करायचं नव्हतं. धक्क्याजवळ पोहे खाल्ले, नारळपाणी प्यायलो आणि भरतीवरच परतलो. करंजा-रेवस पुलाचं बोलणं अंतुले मुख्यमंत्री होते तेव्हापासूनचं आहे, आता काम चालू झालंय. पूल झाला की लाँच राहील का, हे तांडेलला विचारण्यात अर्थ नव्हता. त्याचा मुलगा पुलाच्याच कामावर आहे.

दुपारी काका आम्हाला हनुमान कोळीवाड्यात घेऊन गेले, त्यांच्या एका जुन्या सहकाऱ्याकडे. बंदरासाठी शेवा कोळीवाडा उठवला आणि त्या लोकांना उरणजवळ जागा दिली. जागा वाळवीची निघाली. दाराच्या चौकटी, कपाटं, देव्हारा, वाळवीनं काही सोडलं नाही. त्या घरातलं लाकडी दार काढून आता लोखंडी बसवलंय. पुन्हा पुनर्वसन करा म्हणून गावानं वर्षानुवर्षं मागणी केली, जहाजांचा मार्ग होड्यांनी अडवण्यापर्यंत वेळ आली. घरच्या काकूंनी बोलता बोलता भिंतीवर बोट आपटून दाखवलं, आतून पोकळ आवाज आला. मग लगेच विचारलं, जवळ्याची चटणी चालते ना? तांदळाची भाकरी, जवळा, वालाचं बिरडं. पोटभर जेवलो.

संध्याकाळी शेतावर पोपटी. रायगडात थंडीत आलात आणि पोपटी न खाता गेलात तर काय उपयोग! वालाच्या शेंगा नुकत्याच भरल्या होत्या. मडक्याच्या तळाला भांबुर्ड्याचा पाला, त्यावर ओवा-मीठ लावलेल्या शेंगा, मधे केळीच्या पानात बांधलेली मसाल्याची कोंबडी, अंडी, बटाटे, परत शेंगा, आणि तोंडाला गच्च पाल्याचा बोळा. पाणी अजिबात नाही. मडकं उपडं ठेवायचं, भोवती पेंढा-लाकडं रचून पेटवायचं. अर्ध्या तासानं काकांनी मडक्यावर पाणी शिंपडलं, चुर्र झालं, म्हणजे झाली. भांबुर्ड्याचा तो उग्र वास शेंगेत मुरतो. त्याला पर्यायी पाला नाही, घरी ओव्हनमध्ये करू बघणाऱ्यांनी नाद सोडावा.

शेताच्या पलीकडे आकाश पिवळं. बंदरात रात्र होत नाही. काका १९८९ला लागले, त्याच वर्षी २६ मे रोजी बंदर सुरू झालं. जमीन गेलेल्या घरातला मुलगा म्हणून नोकरी मिळाली. पुढे क्रेनवर गेले. ऑपरेटरच्या केबिनची फरशी काचेची असते, दिवसभर मान खाली घालून त्यातून बघायचं. खाली स्प्रेडर, म्हणजे डबा पकडणारी चौकट, डब्यावर उतरतो, चार कोपऱ्यांतले ट्विस्ट लॉक बसतात, हिरवा दिवा, उचला. “तासाला पंचवीस-तीस डबे. एक जरी वाकडा बसला की खालचा माणूस ओरडायचा, वरचा शिफ्ट सुपरवायझर ओरडायचा, आणि घरी मान दुखते म्हणून तुझी मावशी ओरडायची.” मावशी म्हणाली, अजून दुखते.

त्यांचं म्हणणं असं की लोकांना क्रेन दिसते, पण अवघड काम कागदावरचं. कुठला डबा जहाजात कुठे जायचा हे आधी ठरतं. जड खाली, हलका वर, पुढच्या बंदरात उतरायचा तो हाताशी. चुकलं तर एक डबा काढायला दहा हलवावे लागतात. बंदराचं स्वतःचं टर्मिनल २०२२मध्ये खाजगी कंपनीकडे गेलं, आणि आता आत चार-पाच वेगवेगळ्या ऑपरेटरांची टर्मिनलं आहेत. सगळ्यांत नवीन बीएमसीटी नावाच्या टर्मिनलचा धक्का पुरा दोन किलोमीटर लांब. २०२४-२५मध्ये बंदरानं ७३ लाख टीईयू हाताळले, म्हणजे वीस फुटी डब्यांच्या हिशेबात ७३ लाख. लेकानं मोबाइलवर भागाकार करून दिवसाला वीस हजार काढले. काका म्हणाले, मान माझीच दुखणार.

रविवार: मोऱ्याहून मुंबई, घारापुरी, अटल सेतू

आज प्रतिपदा, सकाळी नऊला पाणी चढतं होतं, लाँच वेळेवर सुटली. उजव्या बाजूला बसा. निघताना बंदर मागे सरकत जातं आणि जहाजांचे मागचे भाग दिसतात. तिथं जहाजाचं नाव आणि खाली नोंदणीचं बंदर लिहिलेलं असतं: पनामा, मोनरोव्हिया, माजुरो. जहाज कुणाचंही असो, कागदोपत्री ते या गावांचं. दुर्बीण असेल तर न्या. मरीन ट्रॅफिक अॅप मोबाइलवर असेल तर समोरचं जहाज कुठून आलं आणि कुठे निघालंय तेही कळतं. आम्ही बघितलेलं एक हिरवं जहाज मुंद्र्याहून आलं होतं आणि पुढे कोलंबोला निघणार होतं. जहाजाला धक्क्यावर आणायला टग नावाच्या छोट्या बोटी त्याच्या कुशीत डोकं खुपसून ढकलतात, ते दहा मिनिटं बघायला मिळालं. मोठं जहाज स्वतःच्या जोरावर धक्क्याला लागत नाही हे लेकाला खरंच वाटेना.

भाऊच्या धक्क्यावरून टॅक्सीने गेटवे, तिथून घारापुरीची बोट. रविवारची गर्दी, लाइफ जॅकेट सगळ्यांना घालायला लावतात, कुरकुर न करता घाला. लेण्यांबद्दल खूप लिहून झालंय, मी त्रिमूर्तीसमोर थोडा वेळ उभी राहिले आणि लेकाला घेऊन सरळ तोफांच्या टेकडीकडे वळले. चढ फार नाही, पण ऊन लागतं आणि माकडं हातातली पिशवी हिसकावतात. वाटेवर बेटावरच्या बायका काकडी, पेरू विकतात, तिथंच घ्या आणि तिथंच संपवा.

वर दोन जुन्या तोफा आहेत. तिथून बंदर पूर्ण दिसतं. क्रेनांची रांग, त्यांच्याखाली जहाजं, मागे डब्यांचे ठोकळे, त्यामागे डोंगर, आणि डावीकडे लांबवर गेलेला अटल सेतू. आपण दोन दिवस ज्याच्या भोवती फिरलो ते इथून एका नजरेत येतं. क्रेनची हालचाल इथून इतकी संथ वाटते की काकांचे तासाला पंचवीस डबे खोटे वाटावेत. आम्ही मोजले. खोटे नव्हते.

खाली जेवायला थांबलो तिथल्या ताईंचं घर मोराबंदरचं, म्हणजे बेटावरच्याच गावातलं, उरणच्या मोऱ्याचं नव्हे. मासळीची थाळी, सोलकढी थोडी पाणचट, तळलेलं मासं उत्तम. मी सहज विचारलं, रात्री इथून बंदराचे दिवे छान दिसत असतील ना? “दिसतात की. आमच्याकडे लाइट नव्हती तेव्हापासून दिसतात.” बेटावर वीज आली ती २०१८च्या फेब्रुवारीत, समुद्राखालून साडेसात किलोमीटर केबल टाकून. तोवर संध्याकाळी तीनेक तास जनरेटर. बंदर १९८९पासून रात्रभर झगमगतंय. ताईंना यात तक्रार करण्यासारखं काही वाटत नव्हतं. आता फ्रीज आहे, मासळी टिकते, थाळ्या वाढवता येतात, असं त्या म्हणाल्या, आणि आणखी भात हवा का विचारलं.

सोमवारी लेणी बंद असतात. परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ उतरतानाच विचारून ठेवा. तिथल्या तिथं राहायची सोय करता येत नाही.

गेटवेहून परत यायला भावानं गाडी आणली होती. अटल सेतूवरून मोटारीला एकेरी २५० रुपये टोल. सेतू एकूण २१.८ किलोमीटर, त्यातला साडेसोळा समुद्रावरून. थांबता येत नाही, दुचाकी-रिक्षा नाहीत. बंदर बघायचं असेल तर नवी मुंबईकडून मुंबईला जाताना बघा, डाव्या खिडकीतून मोकळं दिसतं. आमच्यासारखं परतीला निघालात तर मधे दुसरी मार्गिका येते आणि मान उंचावत बसावं लागतं. भाऊ एकटाच निवांत होता. तो रोज याच रस्त्यानं ऑफिसला जातो आणि त्याच्या मते बघण्यासारखी गोष्ट एकच, टोलनाक्याची रांग.

घरी आल्यावर लेकानं शाळेच्या बाईंना बंदराला पत्र लिहायला सांगितलंय. शैक्षणिक भेटीला परवानगी मागितली तर विद्यार्थ्यांना आत नेतात, असं काका म्हणाले होते. बाईंचा उलट प्रश्न आला, मुलं किती आणि बसचा खर्च कोण देणार? पालकसभा येत्या शनिवारी आहे.